लेकीच्या घरचा बॉयलर

अरे, या इंग्रजांनी आपल्यावर राज्य केलं तरी कसं, हेच मला लंडनला लेकीकडे गेल्यावर कळेना. रोज अंगाला साबण लावला, की शॉवरचं पाणी बर्फासारखं गार! शेवटी जावयाने मिस्त्री बोलावला. त्याने बॉयलर तपासून विचारलं, "याचं बटण कोण बंद करतं?"

"मी," मी ठणकावून सांगितलं. "आमच्या नाशकात गिझर बंद केल्याशिवाय कुणी अंघोळीला जात नाही. शॉक बसतो!"

लेकीने कपाळाला हात लावला. "बाबा, यात पाणी साठत नाही. बटण चालू असेल तोवरच तापतं, बंद केलं की नळीतलं उरलेलं संपेपर्यंतच गरम."

तेवढ्यात बायको हळूच म्हणाली, "अहो, निघताना आपला गिझर बंद केला होतात ना?"

नाशिक सोडून महिना झाला होता.