पिंक, फ्लॉइड अन् ढेपेची टोपली

…अन् वरून मलेच म्हनते, "इवाई, एकदा कान तपासून घ्या." माझे कान! ज्याच्या सोताच्या दोन्ही कानात धानाच्या रोपाचे पऱ्हे टाकल्यावानी केस उगवले, तो मानूस मले कान तपासाले सांगते! म्या फक्त एवढंच म्हनलं, "इवाई, आधी तुमच्या कानाची निंदनी करा, मंग आवाज आत जाईन." आता तुमीच सांगा, मी खोटं बोललो का?

थांबा, पहिल्यापासून सांगतो. मी हेमेंद्र, केशोरीचा. घरचं धान हाये, खता-बियान्याचं दुकान हाये, अन् दुकानात मोठे स्पीकर हायेत, त्याच्यावर सकाळपासून पिंक फ्लॉइड, विलायती बँड. नागपूरले होस्टेलात होतो तवा रूममेटनं कॅसेट लावली, बस, तवापासून दुसरं काही कानात शिरलंच नाही. गिऱ्हाईक येते, युरिया मागते, मी म्हनतो थांब, आता गिटार येऊन राहिली. तो म्हनते, "शेठ, थे गिटार कधी येते, माझा ट्रॅक्टर रोडवर उभा हाये." अशा लोकायच्यात मी जिंदगी काढून राहिलो, बाप्पा. या पुऱ्या तालुक्याचा कान धुमाल पार्टीनं फाडून ठेवला. लग्न असो, गनपती असो, निवडनूक असो, धडाम धडाम, धडाम धडाम… मधातच ढोल फुटला तरी यायले समजत नाही, म्हनते आज काही वेगळंच वाजवलं, मजा आली. मी खोटं बोलून राहिलो का?

तर माझ्या टीनाची सोयरीक जुळली. पोरगा गजेंद्र, तिरोड्याकडचा, चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पान्यावर पिकनारं धान. पोरगा शांत. म्हंजे इतका शांत का घरात हाये का नाही, चप्पल पाहून समजा लागते. पन टीनाले आवडला. त्याचा बाप चंद्रकुमार, म्हंजे माझा होनारा इवाई, भिलाईले कारखान्यात नोकरी करून आलेला. साक्षगंध आमच्या अंगनात. मांडव टाकला, पाहुने बसले, पोरीच्या बोटात अंगठी घालाची वेळ आली, अन् इवायाच्या खिशात फोन वाजला. रिंगटोन… लेड झेपलिन!

तुमाले सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. एवढ्या वर्षात या जिल्ह्यात मले माझ्या कानाचा मानूस भेटलाच नोता. मी धावत गेलो, मिठी मारली. टीनाची आई रडाले लागली, तिले वाटलं मले पोरीसाठी भरून आलं. अंगठी राहिली अर्ध्या बोटावर, आमी दोघं बसलो खुर्च्या ओढून. मी प्रेमानं म्हनलं हो, प्रेमानं… "झेपलिन चांगलंच हाये, पन फ्लॉइडची सर नाही येत."

झालं. तो म्हनते, "तुमचं फ्लॉइड? थे गानं लावून मानूस धानाच्या बांधीत जाते, रोप लावून, रोवना आटपून घरी येते, तरी यायचा नुसता वाराच वाहून राहिला असते." मी म्हनलं, "अन् तुमच्या गानाऱ्याचा पाय दारात सापडला का बा? किंचाळते कायले तो?" तवा तो कान तपासाचं बोलला, अन् मी निंदनीचं बोललो, अन् मंग त्यानं माझ्या टकलाचं काढलं, अन् मी उभा झालो, भर मांडवात, अन् म्हनलं, "अशा बहिऱ्याच्या घरी माझी पोरगी जानार नाही."

भजे तळनाऱ्याचा झारा कढईतच राहिला. टीना उठली, म्हनली, "पप्पा, लग्न माझं होय, का त्या गोऱ्यायचं?" मी म्हनलं, "तुले काय समजते गानं? धुमालापुढे नाचनारी पोरगी तू." आता खोटं बोललो का? नाचतेच. पन तिच्या डोळ्यात पानी आलं, मले दिसलं, अन् तरी माझं तोंड चालूच. तिकडे गजेंद्र चपला शोधून राहिला.

आता माझा मामा हिरालाल, ज्यानं हे सोयरीक जमवली, त्याची जिंदगी गेली शंकरपटात बैल पळवन्यात. आमच्याकडे पाहुने पटावर जमतात, सोयरिका पटावर ठरतात, बांधाचे भांडनं पटावर मिटतात, त्याले वाटलं हेही मिटन. म्हनते, "पट लागून राहिला. दोघंही जोड्या उतरवा. ज्याची जोडी हरन, तो लग्नाच्या मांडवात माइकवर कबूल करन का समोरच्याचा बाजा मोठा. अन् लग्न होईन. मंजूर?" अन् आमी दोघं शिकले-सवरले बाप काय म्हनतो? मंजूर! दुनियेतला सगळ्यात मोठा बँड कोनता, हे बैल पळवून ठरवाचं. अन् तुमाले सांगतो, त्या वेळेस मले ते एकदम बराबर वाटलं. वाईट वाटाचं ते टीनाले वाटलं.

मी जोडी काढली. पांढरे, कोवळे, उंच. एकाचं नाव पिंक, दुसऱ्याचं फ्लॉइड. इवायानं त्याच्या जोडीले ठेवलं, एक लेड अन् एक झेपलिन. मी म्हनलं, नुसतं नाव ठेवून काय होते, बैलाच्या रक्तात उतरलं पाहिजे. कोठ्यात स्पीकर नेऊन बांधला. रोज सकाळी इकडे फ्लॉइड चालू, तिकडे बैलायपुढे सरकीच्या ढेपेची टोपली. बैल खाऊन राहिले, गिटार वाजून राहिली, मी डोळे मिटून उभा. अन् काय ऐकत जी ते… मान डोलवत! टीनाची आई म्हने, "ते ढेपेले डोलून राहिले." मी म्हनलं, "तू इतके वर्षं माझ्यासंग राहून एकदा डोलली नाही, अन् हे जनावर डोलून राहिलं. आता अक्कल कोनाले, तूच ठरव." खोटं बोललो का? त्या दिवशी तिनं बैलायले पोटभर वाढलं अन् मले म्हनलं, तुमी गिटार खा.

पटाचा दिवस. ही गर्दी! माइकवाला बोंबलून राहिला, "केशोरीची जोडी पिनक-फुलाइट, सामने तिरोड्याची जोडी, संभल के, संभल के…" टीना अन् गजेंद्र दूर बांधावर उभे, टीनानं हात जोडलेले. माझ्यासाठी जोडले का माझ्या विरुद्ध, विचाराची हिंमत नाही झाली. झेंडी पडली. अन् माझी जोडी सुटली… बाप्पा, काय सुटली! अर्धा पट पार, झेपलिन पार मागं, माझा धुरकरी, जोडी हाकनारा, कासऱ्यावर वाकलेला, लोकं उभे राहून ओरडून राहिले. मले वाटलं, आता आखरीचा जोर द्याव. खांद्यावर स्पीकर होता. लावली गिटार. फुल आवाजात.

अन् बैल थांबले.

जागच्या जागी! मान वळवून मागं पाहून राहिले, टोपली कुठं हाये म्हनून. धुरकरी त्यायच्या डोक्यावरून पुढं जाऊन पडला, धुळीत लोळून मलेच शिव्या देऊन राहिला. अन् फ्लॉइड… माझा फ्लॉइड… आरामात खाली बसला अन् रवंथ कराले लागला. बाजूनं झेपलिन निघून गेली. माइकवाला म्हनते, "केशोरीची जोडी जेवाले बसली हो!" पुरा पट हासला. लहान लेकरं बैलाले गवत नेऊन देऊन राहिले. चंद्रकुमार आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हनला, "इवाई, पहिल्यांदा तुमचं गानं लवकर संपलं." टीनाची आई तर नुसती माझ्याकडे पाहून राहिली. त्याच्यापेक्षा पिंकनं लाथ मारली असती तर बरं झालं असतं.

लग्न लागलं. अक्षता पडल्या, अन् हिरालाल मामानं माइक आनून माझ्या हातात दिला. आता मी काही साधा मानूस नाही, मी रात-दिवस जबाब तयार करून आलो होतो. म्हननार होतो का बैल हरला म्हनून बँड हरत नाही, म्हननार होतो का ज्याच्या कानात पऱ्हे उगवले त्याले काय समजते… अन् बाजूले पाहिलं तर टीना. लहानपनी दवाखान्यात सुई टोचाच्या आधी पाहे, तशी पाहून राहिली. मले समजलं, आता एक शब्द वाकडा गेला तर माझी पोरगी सासरी खाली मान घालून जाईन, अन् तिथं पहिल्या दिवसापासून तिले माझ्यावरून टोमने ऐका लागतीन. भेव वाटलं हो मले. जिंदगीत पहिल्यांदा आपल्याच तोंडाचं भेव वाटलं.

मी माइकवर म्हनलं, "लेड झेपलिन पिंक फ्लॉइडपेक्षा मोठा हाये. मी हेमेंद्र, केशोरीवाला, मान्य करतो."

बोललो ना खोटं! आजपर्यंत खरं बोललो तर रोज कोनी ना कोनी घरातून उठून गेलं, अन् आज भर मांडवात सरासर खोटं बोललो, तर टीना हासली, टीनाच्या आईनं पदर डोळ्याले लावला, अन् थो मुका गजेंद्र, तो सुद्धा म्हनला, "थँक्यू पप्पा." मी उभा. आतून जळून राहिलो. म्हनलं आता लोकं टाळ्या वाजवतीन, नाही तर हासतीन, काही तरी करतीन, माझ्या जिंदगीची इज्जत मी मातीत घातली हाये…

कोनीच काही नाही. सारे पंगतीकडे पाहून राहिले, पाट मांडले का म्हनून. नुसती आमची म्हातारी आत्या, सुमित्राबाई, समोरच्या खुर्चीवरून मोठ्यानं विचारते, "हेमेंद्र, कोन होय गा हे झेपलिन? पोराकडचे पाहुने होत का? जेवले का ते?"

मी चंद्रकुमारकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. एवढ्या मोठ्या मांडवात आमी दोघंच.

मी म्हनलं, "जेवले आत्या. आताच जेवून गेले."