विंगेतून आलेले दोन शब्द

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि या नाट्यगृहाच्या व्यवस्थापिका, मंचावर माझ्या शेजारी बसलेले आमच्या पक्षाचे गटनेते, आज ज्यांना निरोप द्यायचाय त्या आपल्या सगळ्यांच्या प्रॉम्प्टरबाई, पडद्याआड उभे असलेले आणि पुढे यायला लाजणारे रंगमंच कामगार, पहिल्या रांगेत घड्याळ बघत बसलेली माझी पत्नी, आणि रसिकहो,

मला दहा मिनिटं दिली आहेत. गटनेत्यांनी जिन्यात आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे सूचना. म्हणाले, "निरोगी आयुष्याच्या शुभेच्छा द्या आणि खाली बसा. जागेचा विषय काढू नका." तेव्हा तो विषय मी काढणार नाही. फक्त कोणता विषय काढणार नाही, एवढं तरी तुम्हाला कळायला हवं ना? बाई आज निवृत्त होताहेत, आणि प्रॉम्प्टरची जागा कायमची रद्द करायचा प्रस्ताव उद्या नगरपालिकेच्या अर्थसमितीपुढे येतोय. समितीचा अध्यक्ष मीच. झालं, विषय काढला नाही.

प्रस्तावात लिहिलंय, "सदर कर्मचाऱ्याचे काम दिसून येत नाही." अहो, दिसून येत नाही हेच तर काम! तेहतीस वर्षं या बाई विंगेत लाकडी स्टुलावर संहिता घेऊन बसल्या. नट अडला की पुढचा शब्द त्याच्यापुरता पोचवायचा. तिसऱ्या रांगेला ऐकू गेला तर काम बिघडलं. आता हे दाखवायचं कसं? हजेरीपटावर कुजबुजून?

मी मात्र त्यांचं काम या कानांनी ऐकलंय. आज ते कबूल करायला उभा आहे.

अकरा वर्षांपूर्वी नगरपालिकेच्या सभागृहाचं छत दुरुस्तीला काढलं होतं, म्हणून सभा याच रंगमंचावर भरली. विषय होता या नाट्यगृहाचं अनुदान. ते बंद करा म्हणणाऱ्यांचा म्होरक्या कोण? हा तुमच्यापुढे उभा आहे तो! "नाटकं बघून रस्त्यातले खड्डे बुजतात का?" हे माझं लाडकं वाक्य. कुठेही टाकलं की टाळी ठरलेली. खड्डे अनुदान बंद करूनही बुजत नाहीत, हा विचार तेव्हा मनाला शिवला नाही.

तर इथला एक नियम आहे. या रंगमंचावर कुणीही बोलणार असेल, तर भाषणाची एक प्रत विंगेत जाते. मीही दिली. भाषण तोंडपाठ होतं. सुरुवात झकास झाली. शेवटाला आलो, हात वर केला आणि म्हणालो, "म्हणून मी ठामपणे मागणी करतो की, या नाट्यगृहाचं अनुदान..." आणि दातखीळ बसली. सगळं कोरं! समोर पत्नी ओठ हलवत होती, पण घरच्या सवयीने मी तिकडे लक्ष दिलं नाही. तेवढ्यात डावीकडच्या विंगेतून शांत, स्पष्ट आवाज आला, "दुप्पट करावं."

आणि मी म्हणालो, "दुप्पट करावं!" तेही टेबलावर मूठ आपटून.

आता पुढची गंमत ऐका. आमच्या पक्षाची शिस्त कडक. मी बोललो की माझ्यामागे हात वर होतात, मी काय बोललो हे ऐकायची पद्धत नाही. विरोधक तर आधीपासूनच नाट्यगृहाच्या बाजूने. ठराव एकमताने मंजूर! नगरपालिकेत तोवर एकमत फक्त चहाच्या वेळी व्हायचं.

मी तरातरा विंगेत गेलो. "बाई, कागदावर 'बंद करावं' आहे!" बाईंनी चष्मा कपाळावर चढवला, कागद नीट बघितला आणि म्हणाल्या, "हो की. मला वाटलं, टाईप करणाऱ्याची चूक. एवढा भला माणूस असं कशाला म्हणेल?"

दुसऱ्या दिवशी पेपरात माझा फोटो, खाली 'कलेचा कैवारी'. सासुरवाडीहून अभिनंदनाचा पहिलावहिला फोन आला. मग चूक कबूल करायची माझी हिंमतच झाली नाही. शिवाय कैवारी म्हणून प्रत्येक नाटकाला पहिल्या रांगेत बसणं आलं. सुरुवातीला मी तिथे उत्तम झोपलो, हे व्यवस्थापिकांना ठाऊक आहे.

जागा झालो तो वडिलांमुळे. त्या वाढीव अनुदानातून इथे दुपारी निवृत्त लोकांची नाटकं बसू लागली. आमचे वडील जन्मभर ट्रकचालक, बोलणं मोजकं. मी घरी गेलो की एकच वाक्य, "दार लाव." ते आम्हाला न सांगता इथे यायला लागले. प्रयोगात त्यांना एकच वाक्य होतं. दार उघडायचं आणि मुलाला आत बोलवायचं. त्यांनी दार उघडलं, समोर पहिल्या रांगेत मला बघितलं आणि अडले. विंगेतून बाई म्हणाल्या, "घाई नाही, काका." मग शब्द दिला. वडील माझ्याकडे बघत म्हणाले, "आलास बाळा? ये, आत ये."

नाटकातलं वाक्य होतं हो, मला माहीत आहे. पण मी हमसून हमसून रडलो. त्यानंतर वडील चार वर्षं होते, आणि घरीही तेच वाक्य म्हणायचे. हे काम कुठल्या रकान्यात दाखवायचं, ते गटनेत्यांनी मला सांगावं.

गटनेते माझा कोट ओढताहेत. ओढू द्या, जुना आहे.

तर उद्या समितीपुढे मी ठामपणे मागणी करणार आहे की, प्रॉम्प्टरची ही जागा... ही जागा...

बघा, पुन्हा अडलो. बाई? अहो बाई, तोंडावर हात काय ठेवता? काय म्हणालात? "साडेपाचलाच निवृत्त झाले"? बरं. म्हणजे हे माझं मलाच म्हणायला हवं.

ही जागा भरावी. लगेच भरावी, आणि स्टूल बदलून पाठ टेकायला खुर्ची द्यावी.

बाई, तुमचे आभार. आयोजकांचे आभार, कामगारांचे आभार, आणि अकरा वर्षं हे गुपित पोटात ठेवणाऱ्या पत्नीचेही. बोलण्यात कुणाचा मान राहून गेला असेल, वेळ जास्त घेतला असेल, तर सांभाळून घ्या. फक्त शेवटचं वाक्य चुकून गेलं असं कुणी समजू नका, गटनेते. शब्द द्यायला विंगेत आज कुणीही नव्हतं.