टोमॅटो वाकले, मका उभा राहिला

दि. २० फेब्रुवारी १९९७

नाव मोहना हेरंब दिघे, वय ४१, धंदा नोकरी, शाळेत जीवशास्त्राची शिक्षिका, राहणार गोत्री, बडोदे.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, माझ्याकडे घरकामाला येणारी मंदाबाई ही विधवा असून मूळची खानदेशची आहे. सकाळी ती आमच्या सोसायटीमागच्या गोविंदभाईंच्या मळ्यात टोमॅटो तोडायला जाते.

सोमवारी दुपारी ती धावत माझ्या घरी आली. कपाळातून रक्त येत होते. "ताई, कडी लावा," एवढेच बोलली. मागोमाग गोविंदभाई व वीसेक माणसे फाटकात आली. "ए डाकण छे, बहार काढो," म्हणजे ही चेटकीण आहे, बाहेर काढा, असे ओरडत होती. गोविंदभाईंचे म्हणणे असे की, त्यांची टोमॅटोची झाडे मान मुरगळल्यासारखी झाली, पण लगतचा संपतरावांचा मका जसाच्या तसा आहे. मंदाबाई मक्यात जात नाही, म्हणून हे तिचेच काम.

मी दारात उभी राहिले. शेवटची फवारणी कसली केली, असे विचारले. त्यांनी किडीचे औषध मारले होते, पंप संपतरावांचा. त्याच पंपाने त्याआधी संपतरावांनी मक्यातले तण मारायचे औषध फवारले होते. मधे पंप धुतला का, असे विचारल्यावर गोविंदभाई पुन्हा "डाकण" म्हणून ओरडले. मी सांगितले की, मका गवताच्या जातीचा, तो हे औषध पचवतो. टोमॅटोला मात्र पंपात उरलेला अंशही पुरतो. कोणी ऐकेना.

मी पंप मागवला. सर्वांसमक्ष त्यात पाणी घालून हलवले व ते माझ्या कुंडीतल्या टोमॅटोवर आणि शाळेसाठी लावलेल्या मक्याच्या रोपांवर फवारले.

"उद्यापर्यंत टोमॅटो नाही वाकले तर?" गोविंदभाईंनी विचारले.

"तर मी दार उघडीन."

मंदाबाई आतून ऐकत होती. हे मी का बोलले, ते मला सांगता येत नाही. चार माणसे फाटकाशी बसून राहिली. मंदाबाई जेवली नाही, रात्रभर दाराच्या कडीला हात लावून बसली.

मंगळवारी टोमॅटोचे शेंडे खाली वळले होते, देठ पिळले होते. मका सरळ होता. गोविंदभाईंनी पाने हातात घेऊन पाहिली, दारातूनच मंदाबाईची माफी मागितली व ते गेले.

बाकीचे हलले नाहीत. एकजण म्हणाला, "पाणी छांटीने झाड मारी नाख्यां. हवे तो बे थई." म्हणजे नुसते पाणी शिंपडून झाडे मारली, आता डाकणी दोन झाल्या.

काल आमच्या खिडकीची काच फुटली. आज शाळेत जाताना ओळखीच्या एका बाईने मला पाहून कडेवरच्या बाळाच्या तोंडावर पदर ओढला.

आम्हा दोघींना संरक्षण मिळावे. हा जबाब मी मराठीतून सांगितला, जमादारांनी लिहून मला ऐकवला. माझ्या सांगण्याबरहुकूम आहे, यात कमीजास्त काही नाही.

सही
मोहना हेरंब दिघे