भिंगरीचं पहिलं नको

हॅलो?… ताई, मीच गं. हातातलं आवरलंस का?… मग गॅस बंद कर आणि फोन कानाशी धरून बस जरा. एक कथा सांगायचीय. बुवांच्या कीर्तनातली नाही, आपल्या भिंगरीची.

हो, हो… आजच पहिला दिवस होता. शाळा सुटली की मागच्याच एका खोलीत मुलं सांभाळतात, आम्ही कामावरून येईपर्यंत… नाही, रडली नाही. अगं ऐक ना, रडली असती तर बरं झालं असतं.

खोली छान आहे. बुटकी टेबलं, दप्तराला ज्याची त्याची खुंटी, कोपऱ्यात गालिचा. सांभाळणाऱ्या बाईही मायाळू. मी न्यायला गेले तर कौतुकानं म्हणाल्या, फार गुणी मुलगी, काही म्हणून मागितलं नाही… तेच ना. मलाही आधी अभिमानच वाटला. बाहेर पडलो, तर ही चालेना. फुटपाथवर फतकल मारून बसली. म्हणे, पोटात दुखतंय.

भुकेनं, ताई.

छे, डबा कशाला, खाणं तिथेच मिळतं. बाईंनी केळं आणि ब्रेड पुढे धरला, हवंय का विचारलं. आणि आपली शहाणी काय म्हणाली असेल?… हो. 'नको.'

कोणी शिकवलं काय विचारतेस? आईनं आपल्याला डोळे वटारून शिकवलं, तेच मी तिला. लोकांकडे पहिल्यांदा नकोच म्हणायचं, आग्रह झाला की मग घ्यायचं. तुझ्याकडे खाऊ घेताना नाही का, 'नको मावशी' म्हणत हात मात्र पुढे… हो, हो, अगदी तश्शीच.

या देशात नको म्हणजे नको गं. बाईंनी तिच्या शब्दाचा मान राखला, ताटली शेजारच्या मुलाला दिली. आणि ही हात मांडीवर ठेवून बसली, त्या परत विचारायला येतील म्हणून.

थांब, पुढचं ऐक… आवाज येतोय ना?… नंतर बाईंनी विचारलं, आईला फोन लावू का?… हो. तेव्हाही तेच. मी दवाखान्यात दातांचे साचे ओतत होते, फोन समोरच ठेवलेला. वाजला नाही, तर मला वाटलं, रमली पोर.

नोकरी सोडू?… बोलायला सोपं आहे. यांचं काम अजून पक्कं नाही. उद्या तिला तिथेच ठेवायचंय.

समजावलं तर. म्हटलं, तिथे पहिल्यांदाच हो म्हणायचं, बाळा. तर मला म्हणते, "मग त्या मला हावरट नाही म्हणणार?"



आत्ता झोपवताना विचारलं, उद्या थोडा वेळ तुझ्याजवळ आत बसू का? 'नको' म्हणाली. पुन्हा विचारलं. 'नको.' आणि भिंतीकडे कूस वळवली. हे नको खरं की शिकवलेलं, मला कळेना, ताई. जन्म दिला तिला, आणि कळेना. तिसऱ्यांदा विचारीपर्यंत डोळे मिटले होते तिचे.

तू नको रडूस… उद्या देवापुढे बसशील ना, तेव्हा तिची आठवण असू दे. आणि त्याला माझा निरोप सांग, आमची पोर नको म्हणाली तरी तू लगेच पुढे जाऊ नकोस म्हणावं. जरा आग्रह कर तिला… ताई?… ऐकलंस ना?… हॅलो?