खोळ कुणी चढवली?

...नाही नाही, त्या स्पेअर पार्टच्या दुकानासमोरून नका नेऊ मला! मागच्या गल्लीनं जाऊ, चिखलातून जाऊ, पण तिथून नको. का म्हणून काय विचारता? लाज वाटते हो सांगायला!

आता विचारलंतच तर ऐका. आमचा ट्रक आहे. म्हणजे बाबांचा. मी पदवी घेतली, मग ट्रकचं लायसन्स काढलं, आणि ते काही भिंतीवर टांगायला काढलं नाही! पण बाबा स्टिअरिंग सोडतील तर शपथ. रोज भांडले. शेवटी एकदा म्हणाले, "बरं. वायपर गेलेत. नवे तू निवड, तूच लाव. काच नीट पुसली गेली तर पुढची खेप तुझी."

झालं! मी अशी पेटले म्हणून सांगू! दुकानात गेलो तर बाबा म्हणतात, "अडीच वीत. घे आणि चल." म्हटलं, "बाबा, वितेनं आता कुणी चड्डीची नाडीसुद्धा मोजत नाही!" टेप काढला, ड्रायव्हरकडचं पातं मोजलं, पलीकडचं मोजलं, आकडा बसतो का, रबर काचेला सगळीकडे टेकतं का... दुकानदारकाकांचं अख्खं कपाट काउंटरवर आलं. घाम पुसत काका म्हणाले, "ताई, वायपर निवडताय की नवरा?" म्हटलं, "काका, नवऱ्याचं सोपं असतं, तो नुसता घरातल्या काचा पुसतो की नाही एवढंच बघायचं!" सगळं दुकान हसलं. तेव्हा माझ्या बाजूनं हसलं हो...

तर वायपर लावले. रबराच्या धारेवर एक काळी प्लास्टिकची बारीक खोळ असते, ती लावताना काढायची. मी काढली. या हातांनी काढली आणि समोरच्या खणात टाकली, हे नीट लक्षात ठेवा! पाणी मारलं, वायपर फिरवले, काच लख्ख. बाबा "हं" म्हणाले. आमच्या घरात 'हं' म्हणजे सुवर्णपदक!

दुसऱ्या दिवशी निघालो, बाबा स्टिअरिंगवर, मी शेजारी, आणि आला पाऊस. वायपर चालू केले तर खर्रर्र... खर्रर्र... काच पुसायची सोडून सारवलीच की हो! समोरचा टेम्पो की म्हैस, काही कळेना. मी ओरडले, "वळवा गाडी! फसवलं त्या माणसानं!" तर बाबा म्हणतात, "जाऊ दे गं." बाबा? आणि जाऊ दे? रस्त्यात पडलेला नटसुद्धा हा माणूस सोडत नाही! तिथेच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण डोक्यात आधीच आग, उजेडाला जागा कुठली! लाज वाटते हो सांगायला...

दुकानात शिरले ती वायपर उपसून, तलवारीसारखा नाचवत. "काका, माणसं मारायचा धंदा काढलाय का? याला रबर म्हणतात? सगळ्यांनी बघा, हे असलं खपवतात इथे!" काका बिचारे "ताई, ताई" करतायत, गिऱ्हाइकं गोळा झालीत, आणि मी "बघा ना, हात लावून बघा!" म्हणत धारेवरून बोटं फिरवली... सर्रर्र! खोळ हातात.

तीच काळी खोळ. मी काढून खणात टाकलेली.

मी बाबांकडे पाहिलं. बाबा एका बल्बच्या खोक्यावरचा मजकूर वाचत होते. खोकं उलटं होतं. कान लालबुंद.

आमच्या घरी रिमोट पिशवीत असतो, फ्रिजवरचं निळं प्लास्टिक माझ्या वयाचं आहे. "नवी वस्तू उघडी टाकली की मरते!" हे त्यांचं शास्त्र. सकाळी मी अंघोळीला गेले तेव्हा गुपचूप जाऊन त्यांनी दोन्ही वायपरना खोळी परत चढवल्या होत्या. पाऊस आल्यावर आठवलं असणारच. पण सांगतील ते बाबा कसले!

मी तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात एक ड्रायव्हर हसला, "काय वस्ताद, पोरीनं खोळ काढलीच नाही वाटतं?"

वस्ताद! त्या दुकानात बाबांना सगळे वस्ताद म्हणतात. इंजिनाचा आवाज ऐकवायला माणसं लांबून त्यांच्याकडे येतात. आणि त्या वस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. अहो, बाबा आजवर माझ्यावर ओरडलेत, रुसलेत, पण काही मागितलं नव्हतं कधी...

"विसरले मी," म्हटलं. "माझीच चूक. काका, तुम्हाला नको ते बोलले, माफ करा."

काका म्हणाले, "असू दे ताई, होतं." त्यांना मी खुनी म्हटलं होतं, आणि ते "होतं" म्हणतायत! त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. बाकी दुकान मात्र फुटलं हसून. "शिकलेली पोर!" आणि त्या हसण्यात सगळ्यात मोठा आवाज कुणाचा? ओळखा! बल्बचं खोकं सुलटं करून ठेवत हसत होते!

परत निघालो. खोळी निघाल्या होत्या, पाऊस पडत होता, काच आरशासारखी. म्हटलं, आता बाबा विरघळतील, माफी मागतील, निदान किल्ली तरी पुढे करतील...

"वायपर झकास निवडलेस," म्हणाले.

मी श्वास रोखला.

"पण पुढची खेप मीच नेतो. साधी खोळ काढायची तुझ्या लक्षात राहत नाही, तिथे ब्रेक कसा राहणार?"

थट्टा नाही हो! चेहरा एकदम गंभीर, बापाच्या काळजीचा. त्यांना ते खरंच वाटायला लागलं होतं! आणि मी, घरात कुणाचा एक शब्द खाली पडू न देणारी मी, काय म्हणाले असेन?

"हो बाबा. पुढच्या वेळी लक्षात ठेवीन."