होडीत भरलेलं पाणी

म्हसा गावच्या जत्रेत बैल घ्यायच्या आधी चालवून बघतो आपण, पण अंगणात ठेवलेली होडी कशी चालवायची, तुमीच सांगा. धरणापलीकडच्या शेतावर बायकोला रोज न्यायचं, म्हणून मी जुनी होडी बघायला गेलेलो. व्यापारी बोलला, “वीस हजार.”

मी बोललो, “आधी हिच्यात पाणी भर. आतलं बाहेर आलं नाय, तर बाहेरचं आत येणार नाय.”

पाणी भरलं. मी बाजूला बसून राहिलो. जरा वेळानं तोच घाबरला. “बाबा, अठराला न्या, पण उठा आता.”

“बसू दे रे.”

दुपार कलली, तरी एक थेंब गळला नाय. मी वीस हजार दिले.

“अठराला देत होतो, तवा का नाय घेतली?”

“तवा होडी कशी हाय, ते तुलाच म्हाईत नव्हतं.”