चढावरचा संदीप

आमच्या संदीपला गाडी चालवताना कुणी काही सांगितलेलं खपत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. गेल्या रविवारी त्याने नवी जीप जंगलातल्या चढावर घातली. शेजारी त्याची बायको मंजिरीवहिनी, मागे मी. अर्ध्यात गाडी घसरली आणि पुढचं एक चाक अधांतरी राहिलं. संदीपच्या दाराखाली सरळ दरी.

आमच्या जीपवाल्या ग्रुपचे कदमसर आधीच चढून गेले होते, ते वरून म्हणाले, "एकाने उतरून रस्ता दाखवा."

वहिनी डावीकडून उतरल्या आणि गाडीपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"डावीकडे वळवा," त्या म्हणाल्या. त्याने वळवलं.

"थांबा." तो थांबला.

"थोडं मागे घ्या." त्याने घेतलं.

"आता या, सावकाश." चारही चाकं जमिनीला लागली आणि तो हूं की चूं न करता वर आला.

वर पोचल्यावर संदीप स्टेअरिंग धरूनच बसून राहिला. कदमसरांनी वहिनींचं कौतुक केलं. वहिनी एकदा संदीपकडे, एकदा दरीकडे बघत म्हणाल्या, "सर, हा रस्ता असाच आमच्या कर्वेनगरच्या घरापर्यंत नेता येणार नाही का हो?"